उद्याची एक सकाळ आज कशी उभी करावी

‘चांगलं भविष्य कसं असेल?’ असं विचारलं की बहुतेक माणसं गप्प होतात किंवा ऐकलेलीच वाक्यं बोलतात. यात त्यांचा दोष नाही. मेंदू आठवणींच्या तुकड्यांतूनच कल्पना जुळवतो. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागाला इजा होऊन स्मृती गेलेल्या रुग्णांना नवा प्रसंग कल्पणंही जड जातं, हे मेंदूशास्त्रज्ञ डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं. म्हणून भविष्यावर भाषण देण्याआधी लोकांना त्याची एक आठवण द्यावी: एका खोलीत ते उभं करून त्यांना थोडा वेळ त्यात वावरू द्यावं.

आधी वर्ष आणि जागा ठरवा. वीस-तीस वर्षांपुढची, कामाच्या दिवसाची साधी सकाळ घ्या. सोहळा नको; भव्य देखाव्यापुढे माणूस थक्क होतो, पण त्यात राहायला जात नाही.

मग ‘बरं, पुढे?’ असं विचारत राहा. समजा, शहरातली नदी पोहण्याइतकी स्वच्छ झाली. पुढे? कामावर जाण्याआधी पोहणारे आले, कपडे बदलायची खोली आली, रोज पाणी तपासणारं कुणी आलं. पहाटेच्या गलबल्याबद्दल शेजाऱ्यांची तक्रारही आली. ती गाळू नका. निव्वळ गोड भविष्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

आता ती सकाळ एका खोलीत उभी करा. सर्वांत जास्त वेळ इथे द्या. प्रोजेक्टर आणि हेडसेट नंतर बघू. आधी हाताळता येतील अशा पाच-सहा वस्तू करा. खडूने लिहिलेला फळा: ‘पाणी उत्तम. ओढ जास्त. मुलांनी दोरीच्या आत पोहावे.’ रोज पुसून त्याचा कोपरा पांढुरका झालेला हवा. खुंटीवर खरोखर ओला टॉवेल, हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत एकच छोटी चप्पल. वर्षाची पाटी लावू नका. पोहण्याच्या पासावर छापलेल्या मुदतीवरून ते कळू द्या.

वासाचं बळ मोठं आहे. लंडनच्या सुपरफ्लक्स या डिझाइन स्टुडिओने संयुक्त अरब अमिरातीतल्या धोरणकर्त्यांना येणाऱ्या वर्षांतली प्रदूषित हवा प्रत्यक्ष हुंगायला दिली होती. तो धोक्याचा इशारा होता. हव्याहव्याशा उद्याचाही वास असाच तयार करता येतो.

एका वेळी सहा-आठ जणांनाच आत घ्या आणि हाताला काम द्या: पाण्याचा नमुना तपासायचा, फळ्यावर नोंद करायची. आतल्या यजमानाने काहीही समजावून सांगू नये. त्याच काळात राहत असल्यासारखं बोलावं.

एकच भविष्य दाखवलं तर तो प्रचार होतो, असं माझं ठाम मत आहे. 2006 मध्ये होनोलुलूत भविष्य-अभ्यासक स्टुअर्ट कँडी आणि जेक डनागन यांच्या गटाने पाचशेहून अधिक लोकांसाठी हवाई बेटांचं 2050 साल चार खोल्यांत चार तऱ्हांनी उभं केलं होतं. तुम्ही निदान दोन तरी करा.

बाहेर आल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारू नका. यातलं काय हवं, काय नको, आणि हवं ते येण्यासाठी यंदा मी काय करीन, हे प्रत्येकाला आधी एकट्याने लिहू द्या. चर्चा त्यानंतर, नाहीतर मोठ्या आवाजाच्या दोघांचंच भविष्य उरतं. कागद तिथेच गोळा करा आणि महिन्याभराने ज्याचा त्याला पाठवा.