जुना फ्लॅट घेऊन, नवा करून विकताय? ठाणे-नवी मुंबईत या चुका टाळा

‘८० लाखांना घ्यायचा, आठ लाख घालून चकाचक करायचा आणि कोटीला विकायचा.’ नेरूळ असो की नौपाडा, हा बेत सतत कानावर पडतो. वरवर बघता १२ लाख सुटतात. आता उरलेला खर्च मांडा. ठाणे आणि नवी मुंबईत मुद्रांक शुल्क अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. घेताना आणि विकताना एकेक टक्का दलाली धरली तरी १ लाख ८० हजार. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढलं आणि फ्लॅट जायला नऊ महिने लागले, तर व्याजाचे ३ लाख ८० हजार. मेंटेनन्स आणि लाइटबिल वेगळंच. १२ लाखांतले ५० हजारही हाती राहत नाहीत, आणि प्राप्तिकर अजून भरायचा असतो. २४ महिन्यांच्या आत विकलं की नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो.

म्हणून पहिली चूक ही, की दुरुस्तीचा खर्च काटेकोर लिहायचा आणि व्यवहाराचा खर्च ‘बघू नंतर’ म्हणून सोडून द्यायचा. हा हिशेब टोकन देण्याआधी करा. खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही, ही जुनी अट २०२३ मध्ये काढली गेली, त्यामुळे लवकर विकणाऱ्यालाही आता ही सवलत उपयोगी आहे.

स्वस्त मिळतोय, पण का?

घणसोली-कोपरखैरणेच्या गावठाणात किंवा ठाण्याजवळच्या दिवा भागात फ्लॅट शेजारच्या नियोजित वसाहतीपेक्षा खूप स्वस्त दिसतो. तिथे आधी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची अधिकृत परवानगी (ओसी), मागा. तुम्ही कर्जाशिवाय घ्याल हो, पण तुमच्याकडून घेणारा बहुधा कर्ज काढणार आहे. ओसी नसेल तर बँका हात आखडता घेतात. इमारत फार जुनी असेल तर तिचं उरलेलं आयुष्य बघून कर्जाची मुदत कमी करतात, हप्ता वाढतो आणि ठरलेलं गिऱ्हाईक मागे सरतं. माझं स्पष्ट मत आहे, की ज्या घरावर दोन बँका कर्ज द्यायला तयार नाहीत, ते नफ्यासाठी घेऊच नये.

नवी मुंबईत आणखी एक गाठ आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने जमीन भाडेपट्ट्याने दिलेली, त्यामुळे अनेक घरांना हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. जुनी सिडकोची घरं कधी कधी नुसत्या मुखत्यारपत्रावर दोन-तीन हातांतून गेलेली असतात. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. पहिल्या वाटपपत्रापासूनची सगळी साखळी आणि शेअर सर्टिफिकेटवरचं नाव जुळवून घ्या. मधला एक कागद नसेल, तर तो मिळवायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका, तीही लेखी.

सोसायटीच्या मागच्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तंही मागून वाचा. पुनर्विकासाची बोलणी बरीच पुढे गेली असतील तर नवीन लाद्या आणि मॉड्यूलर किचन यांवरचा पैसा मातीत जाणार. असं घर पुनर्विकासासाठी घेणं हा वेगळा व्यवहार आहे; त्यात सजावट करू नका.

हातोडा उचलण्याआधी वर बघा

जून २०२२ मध्ये नेरूळ सेक्टर १७ मधल्या जिमी पार्क इमारतीत सहाव्या मजल्यावर लादीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालच्या घरांचे स्लॅब एकाखाली एक घेऊन गेला. त्यात जीव गेला. जुन्या फ्लॅटमध्ये ब्रेकर लावून कोबा (लादीखालचा थर) फोडणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवं. पैसा गेला तर परत कमावता येतो; खालच्या घरात माणसं राहतात.

खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत सळ्या लवकर गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि प्लास्टरला आतून ढकलते. छतावर सळईच्या रेषेत तांबूस डाग किंवा बीमच्या खालच्या बाजूला लांबीला धरून भेग दिसली, तर ती रंगाने झाकायची गोष्ट नाही. लाकडी दांड्याने छत हलकेच ठोकून बघा. भद्द, पोकळ आवाज आला म्हणजे प्लास्टर सुटलंय. फॉल्स सीलिंग असेल तर एक दिवा काढायला लावा आणि भोकातून टॉर्च मारा. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तो अहवाल मागा, आणि काम सुरू करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र सोसायटीला द्या. डेब्रिजच्या (राडारोड्याच्या) गोण्या हॉलच्या मधोमध रचू नका. रोजच्या रोज खाली उतरवा.

गळती: काम झाल्यावर निघणारी

सगळ्यांत जास्त वाद बाथरूमवरून होतात. जुनी लादी काढली की वॉटरप्रूफिंग गेलं असं समजा आणि पुन्हा करून घ्या. नवीन लादी बसण्याआधी नहाणीचं पाणी जायचं तोंड बंद करून दोन-तीन दिवस पाणी तुंबवून ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांच्या छताखाली स्वतः जाऊन उभे राहा. ठेकेदार ‘लागणार नाही साहेब’ म्हणेल, तरी ही चाचणी सोडू नका.

काम संपल्यावर ओल आलीच तर लगेच फोडाफोड नको. आधी घराचा मुख्य वॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवा. ओल वाळू लागली तर दोष बहुधा पाण्याच्या लाइनमध्ये आहे. आंघोळीनंतरच वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (पाणी जायच्या तोंडाखालचं भांडं) किंवा लादीचे सांधे बघा. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा खिडकीची चौकट. यासाठीच, जमलं तर घर जुलैमध्ये बघावं. फेब्रुवारीत प्रत्येक भिंत कोरडीच असते.

सजावटीबद्दल थोडक्यात सांगायचं तर छताखालचा सामान ठेवायचा माळा तोडू नका. वन बीएचके घेणारं कुटुंब माळा, वॉशिंग मशीनची जागा आणि देवघराचा कोपरा आधी बघतं, पीओपीची नक्षी नंतर. काम नवरात्राच्या आत संपवा. पितृपक्षात टोकन देणारे थोडे, दसऱ्याला मात्र चौकशा वाढतात.

बिलं पक्की घ्या. घरात भर घालणाऱ्या मोठ्या कामांचा खर्च करपात्र नफ्यातून वजा होऊ शकतो, पण कच्च्या चिठ्ठीवर नाही. आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका; तेवढाच दंड बसू शकतो.

फ्लॅट अडकलाच तर घाईने भाव पाडण्याआधी भाड्याचा पर्याय तपासा. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवून दिला तर व्याजाचा काही भार उतरतो. खरेदीला २४ महिने उलटून गेले की नफा दीर्घकालीन धरला जातो आणि त्यावर १२.५ टक्के कर बसतो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असणाऱ्यांनी ही तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी आणि विक्रीचा करार तिच्या नंतरचा ठेवावा.