दोष माहीत असलेली जुनी लक्झरी गाडी घेताय? या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात नव्या छोट्या गाडीच्या पैशात जुनी बीएमडब्ल्यू, ऑडी किंवा मर्सिडीज सांगून येते. बऱ्याच गाड्या कोल्हापूर-पुण्याच्या असतात, काही थेट दिल्लीच्या. विकणारा दरवेळी दोष लपवतो असंही नाही. "गिअर जरा झटका मारतोय, आधीच सांगतो." "सस्पेन्शनचं काम निघालंय, तेवढं करून घ्या, बाकी गाडी एक नंबर." एवढं उघड बोलणारा माणूस भेटला की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो लगेच भाव पाडायच्या गोष्टी सुरू करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की दोष माहीत आहे म्हणून गाडी सोडू नका, आणि दोष माहीत आहे म्हणून घेऊही नका. तो दोष दुरुस्त करायला किती लागतील, कोण करणार आणि कुठे करणार, याचं लेखी उत्तर हातात आल्यावरच ठरवा. लोक नेमके इथेच चुकतात.

दोषाचं नाव ऐकून समाधान मानणं

"सस्पेन्शनचं काम" या दोन शब्दांत काय काय बसतं ते बघा. मर्सिडीजच्या एस-क्लास, जीएलसारख्या गाड्यांना एअर सस्पेन्शन असतं. स्प्रिंगच्या जागी रबराचा हवेचा फुगा. फुग्याला बारीक चीर पडली की हवा हळूहळू निघते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालू होतो, तापतो आणि शेवटी तोही जातो. म्हणजे तुम्हाला सांगितलेला दोष एक असतो, पण बिल दोन-तीन वस्तूंचं येतं. म्हणून अशी गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवायला सांगा. मेकॅनिक घेऊन सकाळी, गाडी चालू करायच्या आधी पोचा आणि चारही चाकांवर चाक आणि मडगार्डमधलं अंतर मोजा. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर फुगा किंवा व्हॉल्व्ह गळतोय. मग गाडी चालू करा आणि ती वर यायला किती वेळ घेते ते बघा. फार वेळ लागला, मधेच थांबली, तर कॉम्प्रेसरही धरूनच हिशेब करा.

बीएमडब्ल्यूच्या ३२०डी आणि ५२०डीमध्ये २००७ पासून जे दोन लिटरचं एन४७ डिझेल इंजिन आलं, त्याच्या टायमिंग चेनची (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) तक्रार जगभर आहे, विशेषतः २०११ पर्यंतच्या इंजिनांची. चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. त्यामुळे ती बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं, आणि खर्च चेनपेक्षा उतरवण्या-चढवण्याचाच मोठा. "चेनचा किंचित आवाज आहे" असं कुणी सहज सांगितलं तर ते सहज घेऊ नका. चेन तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि दुरुस्तीचा विषयच संपतो.

ही गाडी बघायला जाताना आधी फोन करून सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी तापवून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी या. थंड असेल तर बॉनेट उघडा, एकाला आत बसवून इंजिन चालू करायला लावा, रेस अजिबात द्यायची नाही. तुम्ही काचेच्या बाजूला, म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाशी कान द्या. डिझेलची टकटक पुढून, वरून येते, ती वेगळी. मागच्या खालच्या बाजूने धातू घासल्यासारखी खरखर येत असेल आणि आरपीएम थोडा वाढवला की तीही वाढत असेल, तर चेनच्या कामाचा पूर्ण खर्च धरा. तो लाखाच्या पुढे जातो.

ऑडी ए४ मध्ये दोन गोष्टी विचारा. दोन लिटर डिझेलला मल्टिट्रॉनिक नावाचा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे का, आणि टीएफएसआय पेट्रोल असेल तर ऑइल किती खाते. २००८ ते २०१२ च्या सुमाराच्या त्या पेट्रोल इंजिनांत पिस्टन रिंगमुळे ऑइल जळायचं. "जर्मन गाडी आहे, हजार किलोमीटरला लिटरभर घेतेच" हे ऐकून मान डोलवू नका. त्या ऑइलचा इलाज इंजिन उघडून रिंग-पिस्टन बदलण्यात आहे, वरून ओतण्यात नाही. मल्टिट्रॉनिक गाडी चढावर थांबवून हळूच सोडा. थरथरली तर पुढे बोलू नका.

लँड रोव्हर डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर स्पोर्टच्या टीडीव्ही६ डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, तुटण्याची तक्रार आहे. बेळगावात राहून ती गाडी दोषासकट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट काही दोष ऐकायला मोठे वाटतात, पण सोसण्यासारखे असतात. काच वर-खाली करणारं यंत्र, थकलेली बॅटरी, डिकीचे गॅस शॉक, कंट्रोल आर्मचे बुश, एसीचा कॉम्प्रेसर, बंद पडलेली स्क्रीन. यांचा खर्च आधी सांगता येतो आणि तो साधारण तेवढाच राहतो. इंजिन एकदा तापून बंद पडलंय, गिअरबॉक्स झटके देतोय, आत पाणी गेलंय, एअरबॅगचा दिवा लागलाय, या चार गोष्टींत सांगितलेला आकडा टिकत नाही. एअरबॅगचा दिवा तर उलटाही तपासा: चावी फिरवल्यावर तो क्षणभर लागून विझायला हवा. मुळात लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद केलाय.

"चेक लाईट नाही" यावर विश्वास ठेवणं

चेक लाईट, म्हणजे इंजिनचा इशारा देणारा दिवा, आणि त्यामागचे दोषाचे कोड स्कॅनरने दोन मिनिटांत पुसता येतात. म्हणून दिवा आहे की नाही यापेक्षा स्कॅनरमधला 'रेडीनेस' नावाचा भाग बघायला सांगा. गाडी स्वतःच्या काही तपासण्या रोजच्या चालण्यात पूर्ण करत असते. कोड पुसले की त्या तपासण्या पुन्हा शून्यावर येतात आणि पूर्ण व्हायला गाडी बरीच चालावी लागते. रोज वापरात असलेल्या गाडीत बहुतेक तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेत. कारण विचारा. बॅटरी बदलली असेल तर तसं बिल असतं.

दुसरं, साधा स्कॅनर मुख्यतः इंजिन वाचतो. गिअरबॉक्स, सस्पेन्शन, एबीएस, एअरबॅग हे सगळं वाचायला बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडी-फोक्सवॅगनला ओडिस हे कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, किंवा तेवढ्या ताकदीचा दुसरा स्कॅनर. त्याच वेळी गिअरबॉक्सच्या आणि इतर मॉड्यूलमध्ये (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) नोंदलेले किलोमीटरही काढून घ्या. मीटर मागे फिरवणारा प्रत्येक ठिकाणचा आकडा बदलतोच असं नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याचं बिलही मागा. "याला लाइफटाइम ऑइल असतं" हे उत्तर ठरलेलं आहे. पण बीएमडब्ल्यू, जग्वारला गिअरबॉक्स देणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. दीड लाख चाललेल्या गाडीत मूळचंच ऑइल असेल तर झटका येऊ शकतो. नुसतं ऑइल बदलून तो जाईल अशी खात्री कुणी देऊ नये.

चाचणीला बेळगावच्या कॅम्पात एक फेरी मारणं

थंड हवेत, मोकळ्या रस्त्यावर कुठलीही लक्झरी गाडी छान चालते. तिला आधी गर्दीत घाला. दुपारी गणपत गल्ली-खडेबाजारातून न्या, टिळकवाडीत दुसरं रेल्वे गेट पडलेलं असेल तर एसी चालू ठेवून थांबा. तापमान चढतंय का, एसी कोमट होतोय का, गिअर डीमध्ये असताना गाडी थरथरतेय का, हे तिथे कळतं. मग हायवेला लागून काकतीवरून वंटमुरी घाट चढा. या गाड्यांतले वॉटर पंप, थर्मोस्टॅटची घरं, पाण्याचे पाइप यांत प्लॅस्टिक भरपूर असतं आणि दहा वर्षांत ते ठिसूळ होतं. घाटातून आल्यावर बॉनेट उघडून कूलंटचा गोडसर वास येतोय का बघा.

पाण्यात गेलेली गाडी न ओळखणं

हा भाग आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक तो वरवर उरकतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या पाण्याखाली होत्या ते सगळ्यांनी पाहिलंय. वेदगंगेच्या पाण्याने निपाणीजवळ यमगर्णीला हायवे बंद पडला होता. त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून आजही फिरतायत. त्या काळात कोल्हापूर, सांगली किंवा चिकोडी भागात असलेल्या गाडीचा विमा क्लेमचा इतिहास मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाडीत स्वतः बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी थांबेपर्यंत ओढा. गुंडाळीत राहिलेल्या भागावर मातीची रेघ राहते, ती सहसा कुणी धूत नाही. सीट पुढे-मागे सरकवून रुळांचे स्क्रू बघा. स्टेपनीच्या खाली हात घाला. पायाखालची कार्पेट उचलून खालच्या फोमला दाबा आणि हात नाकाशी न्या.

पुराशिवायही पाणी आत येतं. सनरूफला चार कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली उतरतात. झाडाखाली उभ्या गाडीत त्या पाल्याने तुंबतात आणि पाणी छतातून सीटखाली उतरतं. या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल नेमके सीटखाली, कार्पेटखाली, डिकीत असतात. खानापूर-जांबोटीच्या पावसात असा एक पावसाळा गेला की कधी लॉक आपोआप उघडतं, कधी गाडी चालूच होत नाही, आणि कुठलाही मेकॅनिक दोष ठामपणे सांगू शकत नाही. एका बाटलीतलं पाणी सनरूफच्या पन्हळीत हळूहळू सोडा. ते चाकाजवळून खाली टपकायला हवं.

एमएच पासिंगचा भाव हाच भाव धरणं

गाडी कोल्हापुरात ९ लाखांना आणि तशीच केए पासिंगची गाडी बेळगावात ११ लाखांना असेल, तर २ लाख वाचले असं वाटतं. कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स देशातल्या जास्त टॅक्सपैकी आहे. २० लाखांवरच्या गाडीला १८ टक्के, वर उपकर. बाहेरच्या राज्यातून आलेल्या गाडीला तो वयाप्रमाणे घटवून लागतो, पण मोजणी तुम्ही दिलेल्या ९ लाखांवर होत नाही, गाडीच्या नव्या वेळच्या किमतीवरून होते. ४०-५० लाखांच्या गाडीला घटवूनही ही रक्कम वाचलेले २ लाख खाऊन पुढे जाऊ शकते. आरसीची झेरॉक्स घेऊन आरटीओत जा आणि आकडा आधी काढून घ्या. महाराष्ट्रातला उरलेला टॅक्स परत मिळवता येतो, पण तो वेळेवर हातात येईल असं धरून हिशेब करू नका.

"कशाला एवढा टॅक्स? कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या नावावर राहू दे, गाडी इथे चालवा." हा सल्ला प्रत्येक गावात मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. तुमच्या गाडीसाठी मामांना किंवा भावोजींना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू नका. आणि तुमचं नाव आरसीवर नाही म्हणजे गाडीच्या नुकसानीचा क्लेमही तुमचा नाही.

जुन्या आरटीओकडून एनओसी (ना हरकत दाखला) घेताना ती कुठल्या आरटीओच्या नावे घेताय ते बघा. बेळगाव-खानापूरला केए २२, निपाणी-चिकोडीकडे केए २३, गोकाकला केए ४९. चुकीच्या ऑफिसच्या नावाने आणलेली एनओसी पुन्हा करून आणावी लागते आणि तोवर गाडी दारात उभी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) आणि बँकेचं पत्र मिळेपर्यंत बोलणी थांबवा. ई-चलन दोन्ही राज्यांची तपासा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, म्हणून तिथली दहा वर्षांच्या घरातली डिझेल गाडी स्वस्त असते. तिला इथे किती वर्षं मिळतील हे आरटीओत विचारूनच हात घाला.

दुरुस्ती कोण करणार हे नंतर बघू म्हणणं

गाडी बघायला जायच्या आधी दोन फोन करा. एक त्या ब्रँडच्या जवळच्या अधिकृत वर्कशॉपला, मग ते हुबळीला असो, कोल्हापूरला, गोव्याला की पुण्याला. दुसरा, तोच दोष याआधी केलेल्या बाहेरच्या मेकॅनिकला. चेसिस नंबर देऊन दोघांकडून लेखी कोटेशन मागा. गाडी बंद पडली तर क्वाट्रो, एक्सड्राइव्हसारखी चारही चाकांना ताकद देणारी ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढत नेता येत नाही, गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच लागतो. तो खर्च कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही, तुम्ही लिहा.

आता बेरीज करा. सांगितलेला भाव, अधिकृत कोटेशनच्या दीडपट रक्कम (उघडल्यावर आणखी काही निघतंच), टॅक्स आणि पासिंग, विमा, चार टायर. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षांपूर्वीचे असतील तर बदलायचे धरा. ही बेरीज त्याच मॉडेलच्या निर्दोष, केए पासिंग गाडीच्या भावाच्या जवळ आली तर निर्दोष गाडी घ्या. चांगला फरक उरत असेल आणि दोष मी वर सांगितलेल्या चार गोष्टींतला नसेल, तर जरूर घ्या.

टोकन देऊन मग तपासणी करणं

टोकन दिलं की भाव पाडायची ताकद गेली. आधी स्कॅन, आधी कोटेशन, मग टोकन. पावतीवर सांगितलेला दोष लिहून घ्या, आणि "याशिवाय इंजिन-गिअरबॉक्समध्ये दोष निघाल्यास टोकन परत" हे वाक्य सहीसकट घ्या. दोन्ही चाव्या त्याच दिवशी मागा, कारण या गाड्यांची हरवलेली चावी सहज बनवून मिळत नाही. शेवटची रक्कम, निदान टॅक्सएवढी तरी, एनओसी हातात येऊन गाडी तुमच्या नावावर चढेपर्यंत राखून ठेवायला विकणारा तयार आहे का ते विचारा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, त्यामुळे नवीन हप्ता त्याच्या कागदावर दिसतो त्यापेक्षा जास्त येईल. तोही बेरजेत धरा.