शेततळ्याचं अडकलेलं अनुदान

अंबाजोगाईजवळ आमचं चार एकर. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या राज्याच्या पोर्टलवर, शेततळ्याचा अर्ज, लॉटरीत नंबर, पोकलेननं खोदाई, सगळं झालं. अनुदान आकारमानानुसार, ७५,००० रुपयांपर्यंत. पण आधी खड्डा, मग पैसा. पोकलेनवाला उधारीसाठी रोज दारात, खातं मात्र कोरडं.

कृषी सहायक म्हणाले, "दादा, पैसे तर कधीच पडलेत." कुठं? गॅस सबसिडीसाठी काढलेल्या जुन्या खात्यात! डीबीटी, म्हणजे थेट खात्यात येणारा सरकारी पैसा, आधारला जोडलेल्या बँकेतच जाते. पासबुक सापडलं ज्वारीच्या कोठीमागं, कोपरा उंदरानं कुरतडलेला. केवायसी करून खातं चालू केलं, पैसे काढले. मग नेहमीच्या बँकेत आधार सीडिंगचा, म्हणजे सरकारी पैसा याच खात्यात यावा अशा नोंदीचा, फॉर्म भरला. नुसतं 'लिंक आहे' म्हटल्यावर भागत नाही, सीडिंगच विचारा. आता अस्तरीकरणाचा, म्हणजे तळ्यात प्लास्टिक अंथरण्याचा, कागद राहिलाय.