जुना लेथ घरच्या लाइनीवर लावण्याआधी

इंदूरच्या पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडच्या एखाद्या कारखान्यातला जुना लेथ घरी येणार असं ठरलं, की पावलं आधी ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे घरच्या सिंगल फेजमधून मोटरसाठी थ्री फेज बनवणारं यंत्र) घ्यायला सियागंज बाजाराकडे वळतात. थोडं थांबा. पहिलं काम मोटरची पाटी पुसून वाचायचं आणि टर्मिनल बॉक्स उघडायचं. घरात सिंगल फेज, २३० व्होल्ट. मोटर थ्री फेज, पाटीवर ४१५ किंवा ४४०. आत सहा टोकं दिसली आणि तीन बोल्ट आडव्या पट्ट्यांनी एकत्र बांधलेले असले, तर जोडणी स्टारची आहे आणि तुमचं नशीब चांगलं. आडव्या पट्ट्या काढून तीन उभ्या लावल्या, की तीच मोटर डेल्टा जोडणीत २४० व्होल्टवर चालते, सिंगल फेजचा साधा व्हीएफडी पुरतो. तीनच टोकं बाहेर असतील, तर स्टारचा जोड वायंडिंगमध्ये (मोटरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यांत) दडलेला असतो. तो बाहेर काढणं रिवाइंडिंगवाल्याचं काम. पाटीवर ४१५ डेल्टा असेल, तर हा रस्ता बंद. मग थ्री फेज कनेक्शन घ्या नाहीतर मोटर बदला.

पावसाळाभर गोदामात पडलेली मोटर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या मीटरने) तपासल्याशिवाय चालू करू नका. एक मेगोहमपेक्षा कमी आलं, तर आधी वाळवा.

समजा मोटर ३ एचपीची, म्हणजे २.२ किलोवॅटची आहे. ड्राइव्ह घरच्या बाजूने मोटरपेक्षा बराच जास्त करंट ओढतो, म्हणून १६ अँपिअरचा प्लग विसरा. स्वतंत्र एमसीबी, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, आणि बिलावरचा मंजूर भार पाहून घ्या. घर जुनं असेल, तर अर्थिंग खरंच आहे की नुसती हिरवी वायर लोंबते आहे, हे वायरमनकडून मोजून घ्या. इथे काटकसर नकोच.

लेथचा जुना उलट-सुलट स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मधे ठेवू नका. चालू लोडवर तो फिरवला, की ड्राइव्ह जळू शकतो. त्याच्या वायरी ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर न्या. चक (काम पकडणारा फिरता जबडा) आट्यांवर बसणारा असेल, तर ड्राइव्हमध्ये थांबण्याचा वेळ चार-पाच सेकंद ठेवा. झटक्यात थांबवला किंवा उलटा फिरवला, तर फिरता चक स्पिंडलवरून (लेथच्या फिरत्या दांड्यावरून) आटे सुटून अंगावर येतो. कूलंट पंप आणि दिव्याचा ट्रान्सफॉर्मर ड्राइव्हवर टाकायचे नाहीत, त्यांची सोय वेगळी करा.

पहिल्यांदा पट्टा काढून नुसती मोटर फिरवा. दिशा उलटी आली, तर ड्राइव्हची लाइन बंद करून दहा मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर उतरू द्या, मगच मोटरकडच्या दोन वायरी अदलाबदल करा.