राजवाड्यातल्या लेकराच्या आजाराची ‘बातमी’ आली, तर काय करायचं

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तसला व्हिडिओ येतो. एखाद्या छोट्या राजपुत्राचा किंवा राजकन्येचा चेहरा, त्याभोवती लाल गोल, मागे धडधड वाढवणारं संगीत आणि खाली प्रश्नचिन्ह लावून एखाद्या आजाराचं नाव. पाठवणारी बहुतेक वेळा माझी आत्या. तिच्या मनात वाईट काही नसतं, तिला त्या पोराची खरंच काळजी वाटते. ‘तू यातली आहेस ना, बघून सांग गं,’ असं खाली लिहिते.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. अठरा वर्षं उशिरा बोलणाऱ्या, अडखळत बोलणाऱ्या मुलांबरोबर काम करते आहे. या अठरा वर्षांत व्हिडिओ पाहून मी एकाही मुलाचं निदान केलेलं नाही. पण ‘पाहू नका, पाठवू नका’ एवढं सांगून कुणी थांबत नाही, हेही मला कळलंय. म्हणून असा व्हिडिओ समोर आला की मी स्वतः काय करते, ते इथे लिहिते आहे.

आधी आजाराचं नाव गिळायचं

हे सगळ्यात अवघड आहे. ‘अरे, त्याला तो आजार नाहीये’ असं लिहिलं तरी मूल आणि आजार एकाच वाक्यात येतात आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात ती जोडी पक्की बसते. खंडन करतानाही नाव घ्यायचं नाही. ‘या मुलाच्या तब्येतीबद्दल कुणीही काही जाहीर केलेलं नाही’ एवढं पुरतं. या लेखातही आज हयात असलेल्यांबद्दलच्या अफवांमधलं एकही नाव मी लिहिणार नाही. आजारांची नावं येतील ती इतिहासात नोंदल्या गेलेल्यांच्या संदर्भात, किंवा घरच्यांनी स्वतः उघड सांगितली तेव्हाचीच.

मग तो क्षण मागेपुढे ताणून पाहायचा

2 जून 2022 ला एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीची 70 वर्षं साजरी होत होती. बकिंगहॅम राजवाड्याच्या सज्जात चार वर्षांचा राजपुत्र लुई पणजीशेजारी, म्हणजे राणीशेजारी, उभा होता. डोक्यावरून सत्तरहून जास्त विमानं गेली. त्याने दोन्ही हात कानांवर दाबले आणि तोंड वासलं. तीन दिवसांनी मिरवणुकीच्या वेळी बसून बसून कंटाळल्यावर त्याने आईला वेडावून दाखवलं, मग आजोबांच्या मांडीवर जाऊन बसला. या दोन प्रसंगांचे तुकडे कापून जगभरच्या लोकांनी त्याची तपासणी सुरू केली.

आता माझ्याकडे मूल येतं तेव्हा काय होतं, ते सांगते. पहिला पाऊण तास मी आईवडिलांशीच बोलते. बाळंतपण कसं झालं, कावीळ झाली होती का, मान कधी धरली, पहिला शब्द कोणता आणि कधी, कानांची तपासणी झाली आहे का, घरात कोण कोण कोणत्या भाषेत बोलतं. मग मूल जमिनीवर खेळत असताना मी शेजारी बसते, आणि तेही एकाच दिवशी पाहून भागत नाही. पहिल्या दिवशी तोंडातून अक्षर न काढणारं मूल तिसऱ्या दिवशी माझ्याशी भांडतं. शेवटी बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ यांचे कागद एकत्र ठेवूनच आम्ही काही बोलतो, तेसुद्धा जपून.

सात सेकंदांच्या तुकड्यात यातलं काय असतं? आवाज किती मोठा होता, मूल किती वेळ उभं होतं, दुपारची झोप झाली होती का, यांपैकी काहीच त्यात नसतं. म्हणून तुकडा आला की पूर्ण कार्यक्रमाचं चित्रण शोधायचं आणि त्या क्षणाच्या आधीची पाच मिनिटं पाहायची. माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक ‘लक्षणं’ तिथेच विरघळतात.

तारीख आणि उगम यांवर फार वेळ घालवत नाही. फोटो जुना असतो, बाजूची माणसं कापलेली असतात, ‘जवळच्या सूत्रांनी’ असं लिहिलेलं असतं. मुलाचा डॉक्टर असं बाहेर बोलत नसतो, आणि बोलला तर त्याने भरवसा मोडला. ब्रिटनच्या वृत्तपत्रांच्या आचारसंहितेत तर स्पष्ट लिहिलं आहे की केवळ आईवडील प्रसिद्ध आहेत एवढ्याच कारणावर मुलाच्या खासगी आयुष्याचे तपशील छापता येत नाहीत. व्हिडिओ बनवणाऱ्या निनावी माणसावर ते बंधन नाही, म्हणून ते आपणच पाळायचं.

कागदावर वारसांची रांग काढायची

हा माझा सगळ्यात आवडता टप्पा, कारण इथे बऱ्याचदा अफवेचं मूळ सापडतं. ज्या मुलाबद्दल कुजबुज आहे ते गादीच्या रांगेत कुठे उभं आहे? त्याच्या मागे कोण आहे? ते मुलगी आहे का? आणि ही रांग कोणत्या कायद्याने, कोणत्या वर्षी लावली?

जपानचं पाहा. 1947 च्या राजघराण्याच्या कायद्याप्रमाणे फक्त पुरुष वंशातला पुरुषच सम्राट होऊ शकतो. 1993 मध्ये तेव्हाचे युवराज नारुहितो आणि मासाको यांचं लग्न झालं. मुलगा कधी होणार, याकडे सगळा देश डोळे लावून बसला होता. 1 डिसेंबर 2001 ला आयको जन्मली. ती तीन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून तिच्या वाढीबद्दल नाही नाही ते बोललं जाऊ लागलं. 2004 मध्ये तिचं घरगुती चित्रण लोकांपुढे ठेवावं लागलं. पोर बोलते, खेळते, हे देशाला दाखवायची वेळ आईबापांवर आली. त्याच वर्षी मासाको यांना ताणामुळे समायोजनाचा विकार (परिस्थितीशी जुळवून घेणं अवघड होणं) झाल्याचं राजघराण्याने जाहीर केलं. माझ्याकडे येणाऱ्या आयांचे चेहरे मला इथे आठवतात. ‘तुझं मूल अजून बोलत नाही का?’ हा प्रश्न लग्नकार्यात चार जणींनी विचारला तरी आई आतून तुटते. इथे तो प्रश्न सगळा देश विचारत होता.

2005 मध्ये सरकारच्या समितीने मुलींनाही गादीचा हक्क द्यावा अशी शिफारस केली. मग 6 सप्टेंबर 2006 ला आयकोचा चुलतभाऊ हिसाहितो जन्मला. त्या घराण्यात 41 वर्षांनी मुलगा झाला आणि कायदा बदलायची घाई संपली. 2010 मध्ये आठ वर्षांची आयको शाळेत जाईना. इतर काही मुलांचं वागणं तिला दांडगाईचं वाटलं, असं राजघराण्याच्या कार्यालयाने सांगितलं, तर त्यावरही तर्कवितर्क. आज ती पदवीधर आहे आणि 2024 पासून जपानी रेड क्रॉसमध्ये नोकरी करते. आता त्या पिढीतला एकुलता एक मुलगा म्हणून सगळ्या नजरा हिसाहितोवर आहेत.

आत्या म्हणते, ‘परंपरा आहे गं त्यांची, ती अशी कशी मोडतील?’ परंपरेची ओढ मला कळते. पिढ्यानपिढ्या चालत आलेली गोष्ट आपल्या हातून तुटू नये असं वाटणं खोटं नाही. पण म्हणूनच वर्ष तपासायचं. जपानच्या इतिहासात आठ स्त्रिया गादीवर बसल्या आहेत, त्यातली शेवटची अठराव्या शतकात. स्त्रियांना पूर्ण बाजूला काढणारा नियम कायद्यात आला 1889 मध्ये. स्वीडनने 1980 मध्ये नियम बदलला आणि व्हिक्टोरिया धाकट्या भावाच्या पुढे गेली. ब्रिटनने 2013 मध्ये कायदा केला, म्हणून लुई जन्मला तरी त्याच्या मोठ्या बहिणीची, शार्लटची, जागा हलली नाही. रांग माणसांनीच लावलेली आहे. ती जितकी अरुंद, तितकं तिच्यातल्या एकेका मुलाच्या अंगावर ओझं. मग त्याच्या प्रत्येक शिंकेचा अर्थ लावला जातो.

राजवाडा गप्प असेल तर

‘लपवतायत म्हणजे काहीतरी आहेच’ हे वाक्य ग्रुपवर हमखास येतं. इथे घाई करायची नाही, कारण गप्प राहण्यामागे कधी काही असतं, कधी काहीच नसतं.

रशियाच्या झारला चार मुली झाल्या आणि 1904 मध्ये अलेक्सी हा मुलगा. 1797 पासूनच्या नियमांमुळे घराण्यात पुरुष वारस असेपर्यंत मुलींना गादी नव्हती. अलेक्सीला हिमोफिलिया होता, रक्त गोठत नसे. हे गुपित ठेवलं गेलं. 1912 च्या शरद ऋतूत पोलंडमधल्या स्पाला इथे तो मरणाच्या दारात गेला, तेव्हा तब्येतीची पत्रकं निघाली, पण आजाराचं नाव त्यांत नव्हतं. त्या रिकाम्या जागेत लोकांनी मनाला येईल ते भरलं. आई रासपुतिन नावाच्या साधूवर का विसंबते, हे माहीत नसल्यामुळे बोलणं तिच्या चारित्र्यावर गेलं. स्पेनच्या राजपुत्रांनाही हाच आजार होता. त्यांना जिवंत ठेवायला रोज एका सैनिकाचं रक्त काढतात, अशी वदंता तिथे पसरली होती. आजारी पोरांबद्दल माणसं असंही बोलू शकतात.

आणि जॉन. ब्रिटनच्या पाचव्या जॉर्जचा धाकटा मुलगा, जन्म 1905. चार वर्षांचा असताना त्याला फिट येऊ लागल्या. पुढे सँड्रिंगहॅमजवळच्या वुड फार्मवर तो आपल्या दाईबरोबर, लाला बिलबरोबर राहिला. जानेवारी 1919 मध्ये तेरा वर्षांचा असताना एका फिटनंतर झोपेतच गेला. अपस्माराची गोष्ट लोकांना तो गेल्यावर कळली. मग मागाहून ‘त्याला जन्मापासून कोंडून ठेवलं होतं’ अशी कहाणी तयार झाली. खरं तर लहानपणी तो भावंडांबरोबर वाढला, फोटोंतही दिसतो. लपवण्याने त्याचं रक्षण झालं नाही, आणि अफवेने त्याचं खरं बालपणही पुसलं. जॉनबद्दल वाचताना मला दरवेळी लालाच आठवते. कुणीतरी शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतं.

छापलंय म्हणून खरं, असंही समजायचं नाही. राणी एलिझाबेथच्या दोन मामेबहिणी, नेरिसा आणि कॅथरीन, 1941 पासून मतिमंदांच्या संस्थेत होत्या. सरदार घराण्यांच्या नामांकित वंशावळीच्या 1963 च्या आवृत्तीत दोघी मेल्याची नोंद आहे. दोघी तेव्हा जिवंत होत्या. कॅथरीन 2014 पर्यंत जगली.

आजार खरा असेल तर

तर आपण ऐकायचं, तेही घरच्यांनी सांगितलं तेवढंच. 1997 मध्ये स्वीडनच्या त्याच व्हिक्टोरियाचे फोटो पाहून लोकांनी चर्चा चालवली होती. तिला खाण्याशी संबंधित विकार असल्याचं राजघराण्याने स्वतः जाहीर केलं. पुढे मोठेपणी ती त्याबद्दल मोकळेपणाने बोलली. 1997 मध्येही ती वीस वर्षांची होती. चार वर्षांच्या मुलाला असं ठरवता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कुणीही ठरवू नये.

ग्रुपवर काय लिहायचं

मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं नाही. मी आत्याला फोन करते. फोन लागला नाही तर तिला एकटीला लिहिते: ‘आत्या, तू काळजीने पाठवलंस हे मला माहीत आहे. पूर्ण कार्यक्रम पाहिला, त्यात तसं काही नाही. लहान मूल आहे, त्याच्या घरच्यांनी काही सांगितलेलं नाही. ग्रुपवरून काढशील का?’ ‘सर्वांसाठी हटवा’ हे कुठे दाबायचं तेही सांगते, कारण बऱ्याच जणांना ते सापडत नाही. व्हिडिओ जिथून आला तिथे जाऊन तक्रारीचं बटण दाबायचं.

आणि ग्रुपवर कोण कोण आहे ते एकदा मोजायचं. माझ्याकडे येणारा एक दहा वर्षांचा मुलगा अडखळत बोलतो. आजीच्या फोनवर त्याने असाच एक व्हिडिओ पाहिला, घरातली माणसं ‘बघ बघ, कसं करतो’ म्हणत होती. पुढच्या वेळी माझ्यासमोर बसल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग तीन वेळा अडखळून त्याने विचारलं, ‘माझा पण कुणी काढलाय का?’

हे मी आत्याला सांगितलं. ती फोनवर काही बोलली नाही. थोड्या वेळाने ग्रुपवरचा व्हिडिओ गेला. आता ती असं काही आलं की आधी मला पाठवते. परवा लुईचा तोच जुना तुकडा पुन्हा आला होता. मी तिला पूर्ण चित्रणाची लिंक दिली. रात्री तिचा फोन आला.

‘किती गं मोठा आवाज होता त्या विमानांचा. घाबरला असेल ना?’

‘हो आत्या, घाबरला असेल.’