माकडटोपी कापायची नव्हती

ए.टी.डी. करून सहा वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि मग गेलेल्या माणसांच्या कपड्यांची वाकळ शिवून घेण्याचे वर्ग सुरू केले. आई म्हणाली, "मेलेल्यांचे कपडे कोण आणून देणार तुला?" तिच्या स्वतःच्या ट्रंकेत आजीचं इरकली लुगडं आहे. त्याला ती मला अजून हात लावू देत नाही.

कल्पना माझी नाही. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मेणबत्त्या घेऊन निघालेल्या मोर्चात लोकांनी एड्सने गेलेल्यांची नावं पुठ्ठ्यांवर लिहून सरकारी इमारतीच्या भिंतीला चिकटवली. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला ती भिंत गोधडीसारखी दिसली. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर खरोखरची गोधडी अंथरली गेली. तिच्यात १,९२० तुकडे होते, एकेक तीन फूट बाय सहा फूट, साधारण थडग्याएवढा. मी तेच माप पहिल्या वर्गात फळ्यावर लिहिलं आणि फसले. सहा फूट कापडावर हाताने धावदोरा घालायचा म्हणजे आठवडे जातात. निम्मे लोक गळाले. आता हातभर चौकोन. तेवढा पुष्कळ होतो.

दुसरी चूक जास्त लागली. एक गृहस्थ वडिलांची माकडटोपी घेऊन आले होते, तपकिरी, कानाशी विरलेली. टोपी सपाट कशी शिवायची? मी कात्री उचलली, शिवण उसवली, म्हटलं पसरून लावू. ते काही बोलले नाहीत. टोपी माझ्या हातातून घेतली, पिशवीत घातली आणि चहाची वाट न बघता निघाले. शेजारच्या आजी दाभणात दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "बाई, विचारायचं तरी." मी दोनदा त्या गृहस्थांच्या घरी गेले. तिसऱ्या आठवड्यात ते आले. आजींनी उसवलेली शिवण घातली आणि टोपी होती तशी, तोंड उघडं ठेवून, चौकोनावर टाचली. खिशासारखी.

तेव्हापासून पहिल्या दिवशी माझ्या वर्गात कात्री नसते. कापड फक्त उलगडायचं, हातात घ्यायचं, परत घडी घालायची. नव्याने हे काम करू बघणाऱ्यांना मी एवढंच आधी सांगते. बाकीचं हळूहळू येतं: दहाच्या वर माणसं घेऊ नका, पैठणी आली तर न कापता काठ दुमडून लावा, फोटो काढायच्या आधी प्रत्येकाला वेगळं विचारा. "तुम्हाला काय वाटतंय" असं तर विचारूच नका. "हे कुठून घेतलं होतं?" म्हणा. दुकान, भाव, कोण सोबत होतं, सगळं आपसूक निघतं. हात टाक्यात गुंतलेले असले की माणूस मान वर न करता बोलतो, आणि गप्प बसला तरी अवघडत नाही. कुणी फारच खचलेलं दिसलं तर आपण डॉक्टर व्हायला जाऊ नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी दारामागे लावून ठेवते.

वस्तू तयार झाल्यावर तिचं करायचं काय, हे मात्र सुरुवातीलाच ठरवा. लंडनमध्ये संसदेसमोर, थेम्स नदीच्या पलीकडच्या काठावर, कोविडने गेलेल्यांसाठी लोकांनी २०२१ मध्ये भिंतभर लाल बदाम रंगवले. रंग फिका पडतो, म्हणून स्वयंसेवक ते पुन्हा पुन्हा रंगवत बसतात. आमच्या पहिल्या वाकळीवर एका संस्थेने हक्क सांगितला आणि ती कपाटात कुलूपबंद झाली. पुढची आम्ही फिरती ठेवली, महिनाभर एकेका घरी.

टोपीवाल्या गृहस्थांकडून ती परत आली तेव्हा टोपीत काहीतरी जड लागलं. बघते तर अडकित्ता. फोन केला. "बाबांचाच आहे, राहू द्या," म्हणाले. वाकळीसोबत जाणाऱ्या चिठ्ठीत आता एक ओळ वाढली आहे: धुताना अडकित्ता काढावा, वाळल्यावर परत ठेवावा.