'हे तर निसर्गचक्र आहे' असा फॉरवर्ड आला की काय काय तपासायचं

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक काका आहेत, रिटायर्ड इंजिनियर, एप्रिल लागला आणि पारा चाळिशीला टेकला की त्यांचा फॉरवर्ड ठरलेला असतो. ग्लोबल वॉर्मिंग वगैरे सगळं थोतांड, पृथ्वीचं तापमान कायमच वरखाली होत आलंय, निसर्गचक्र आहे. खाली एक ग्राफ आणि त्याच्याखाली तीन मावश्यांचे अंगठे. मी आधी तिथल्या तिथे भांडायचो, लिंकवर लिंक टाकायचो, त्या कोणी उघडल्या नाहीत आणि दिवाळीला काका माझ्याशी दोन वाक्यं बोलले फक्त. आता पद्धत बदलली आहे, ती सांगतो.

सुरुवात मान्य करण्यापासून करा, कारण फॉरवर्डमधलं पहिलं वाक्य खरंच असतं. ज्या सह्याद्रीवर आपण पावसाळ्यात ट्रेकला जातो तो जवळपास अख्खा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, आणि तेव्हा हवेत गेलेल्या वायूंनी हवामान हललंच होतं, माणूस नावाचा प्राणी नसताना. 20 हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. तेव्हा "हो काका, बदलतं" म्हणा आणि लगेच पुढचा प्रश्न टाका, चक्र म्हणजे नेमकं कुठलं? किती वर्षांचं? आत्ता ते वर चाललंय की खाली? नव्वद टक्के चर्चा इथेच गार होते, कारण फॉरवर्डमध्ये चक्राचं नावच नसतं.

नाव निघालंच तर बहुतेक वेळा ते पृथ्वीच्या कक्षेचं असतं. सर्बियाच्या मिलुटिन मिलान्कोविचने हे गणित मांडलं, कक्षेचा आकार साधारण 1 लाख वर्षांत बदलतो, अक्षाचा कल 41 हजार वर्षांत, आणि अक्ष भोवऱ्यासारखा डुलत 26 हजार वर्षांत एक फेरी मारतो. हे घरी समजवायला संक्रांतीसारखं उदाहरण नाही. खरं उत्तरायण 21-22 डिसेंबरला सुरू होतं पण आपण तिळगूळ वाटतो 14-15 जानेवारीला, कारण आपलं पंचांग ताऱ्यांवरून चालतं आणि ते डुलणं त्याला साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे ढकलतं. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही जवळपास एकाच दिवशी यायचं. आता काकांना विचारा, जे चक्र आजोबांपासून नातवापर्यंत संक्रांत जेमतेम एका दिवसाने सरकवतं ते 50 वर्षांत जग एक अंशाने कसं तापवेल? हिमयुगातून बाहेर पडताना पाचेक अंश वाढायला साधारण दहा हजार वर्षं लागली होती. शिवाय अक्षाचा कल सध्या कमी कमी होतोय, म्हणजे फक्त ह्या चक्रांवर सोडलं असतं तर हळूहळू गार व्हायला हवं होतं.

मग येतो सूर्य. सूर्याचं 11 वर्षांचं चक्र खरंय, पण त्यात सूर्याकडून येणारी ऊर्जा जेमतेम 0.1 टक्का वरखाली होते आणि 1978 पासून सॅटेलाइट ती सलग मोजतायत. 1980 नंतर ती वाढलेली नाही, उलट किंचित उतरलीय, 2008 ते 2019 चं चक्र तर शंभर वर्षांतलं सगळ्यात दुबळं. तापमान मात्र ह्याच काळात चढत गेलं. ह्यावर फार वेळ घालवू नका.

एल निनोवर (पॅसिफिक महासागराचं पाणी दर काही वर्षांनी नेहमीपेक्षा जास्त तापतं, त्यावर) मात्र घालवा, कारण ते आपल्या घरचं आहे. 1904 साली गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख म्हणून आला, काम एकच, मान्सूनचा आधी अंदाज कसा बांधायचा, आणि जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे घोळता घोळता त्याला पॅसिफिकमधला दाबाचा तो झोका (एका बाजूला वाढला की दुसऱ्या बाजूला घटतो) सापडला ज्याच्याशी एल निनो जोडलेला आहे. आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ पडला ते एल निनोचं वर्ष होतं (आणि 1997 पण, जोरदार, तरी पाऊस बरा झाला, तेव्हा एल निनो म्हणजे दुष्काळ असंही समीकरण नाही). तर हे चक्र 2 ते 7 वर्षांचं, आणि ते उष्णता तयार करत नाही, समुद्रातली हवेत काढतं आणि परत आत घालतं, ह्या खिशातले पैसे त्या खिशात. ह्याच्यावरची फॉरवर्डवाल्यांची ट्रिक ओळखायला शिका, ग्राफ 1998 पासून सुरू करायचा. 1998 एल निनोने तापलेलं होतं, तिथून मोजलं की पुढची बरीच वर्षं सपाट दिसतात, "वॉर्मिंग थांबलं". पण 2014 पासूनचं प्रत्येक वर्ष 1998 पेक्षा गरम आहे, त्यात 2021 आणि 2022 ही ला निना (एल निनोच्या उलट) असलेली, म्हणजे गार असायला हवी होती ती वर्षंसुद्धा.

आता तो ग्राफ. हे काम खरंच करा, फोटो झूम करून. काकांच्या ग्राफमध्ये गेल्या दहा हजार वर्षांचं तापमान होतं, मोठमोठे डोंगर, आणि उजव्या टोकाला आजचा काळ एकदम बुटका. सगळ्यात आधी बघायचं की हे तापमान कुठलं आहे. तर बारीक अक्षरात ग्रीनलंड, बर्फाचा एक गाभा (खोल भोक पाडून काढलेला जुन्या बर्फाचा दांडा), एका जागेचा. पुण्याच्या एका वाड्यातल्या थर्मामीटरवरून महाराष्ट्राचं तापमान सांगितल्यासारखं. मग उजवं टोक. तिथे लिहिलेलं असतं 'आजपासून इतकी वर्षं आधी', पण ह्या शास्त्रात 'आज' म्हणजे 1950 धरायची पद्धत आहे, आणि त्या आकड्यांमधला शेवटचा ठिपका त्याच्याही 95 वर्षं आधीचा, म्हणजे 1855 चा. 1857 च्या बंडाच्या आधीचा! ज्या तापमानवाढीबद्दल भांडण चाललंय ती ग्राफमध्ये आलेलीच नाही. काकांना हे फोनवर सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ते गप्प बसले, मग म्हणाले, "अरे पण मग लोक हे असं कशाला पाठवतात?"

थोडं अवघड प्रकरण पुढे आहे. जुन्या बर्फात आधी तापमान वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड (इंधन जाळल्यावर सुटणारा, उष्णता अडवून धरणारा वायू) काहीशे वर्षांनी मागून येतो असं दिसतं, तर मग कारण कोण आणि परिणाम कोण? प्रश्न चांगला आहे, त्याला हसू नका. गोटी सोडा गरम झाला की गॅस जसा सुटतो तसा समुद्र तापला की त्यातला वायू बाहेर येतो, तेव्हा सुरुवात कक्षेच्या चक्राने केली आणि सुटलेल्या वायूने ती ऊब आणखी वाढवली, दोन्ही खरं. ह्या वेळचा वायू समुद्रातून आलाय का ते तपासता येतं. समुद्र सध्या वायू सोडत नाहीये, पितोय, आपण सोडतो त्याच्या साधारण चौथा हिस्सा, आणि त्याने त्याचं पाणी आम्लाकडे झुकतंय. हवेतल्या कार्बनची जातही बदलतेय, कोळसा-पेट्रोल जुन्या वनस्पतींपासून बनलं, वनस्पतींना हलका कार्बन आवडतो, आणि हवेत हलक्या कार्बनचं प्रमाण वाढतंय. हवाईच्या मौना लोआवर 1958 ला मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात 315 भाग होता, आता 420 च्या वर. गेल्या 8 लाख वर्षांच्या बर्फात तो साधारण 180 ते 300 च्या मध्येच वरखाली होत राहिला, त्याच्या वर गेला नाही.

आणि एक खूण मला फार आवडते. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत गरम झालं असतं. आपण वायूचं पांघरूण जाड केलं असेल तर खाली गरम आणि वर, स्ट्रॅटोस्फियरमध्ये, गार व्हायला हवं. स्युकुरो मानाबे ह्या हवामानशास्त्रज्ञाने सहकाऱ्याबरोबर हे 1967 मध्ये गणिताने सांगून ठेवलं, त्याला 2021 ला नोबेल मिळालं, आणि मोजलं तर वर खरोखर गार झालंय.

कुठे ताणायचं नाही तेही सांगतो. एखादा ढगफुटीसारखा पाऊस किंवा एक उन्हाळा दाखवून "बघा, ग्लोबल वॉर्मिंग" म्हणू नका, काका लगेच जानेवारीतली थंडी दाखवतील आणि त्यांचं चूक नसेल. शहरातलं सिमेंट तापतं म्हणून शहरातले आकडे जास्त येतात हेही खरंय, तिथे सरळ समुद्राकडे जा, तिथे सिमेंट नाही आणि साठलेल्या जास्तीच्या उष्णतेतली 90 टक्के तिथेच गेलीय. अमेरिकेतले रिचर्ड म्युलर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ ह्याच शंका घेऊन सगळे आकडे पुन्हा तपासायला बसले होते आणि 2012 मध्ये त्यांनीच लिहिलं की माझं मत बदललं, कारण माणूसच आहे. काकांना बाकीच्या शास्त्रज्ञांपेक्षा हा माणूस पटला, शंकेखोर म्हणून.

आणि हो, हे सगळं ग्रुपवर करू नका. अंगठे देणाऱ्या मावश्यांसमोर कोणी माघार घेत नाही. घरी जा, चहा घ्या, एकावेळी एकच ग्राफ. परवा त्यांनी मला एकट्यालाच मेसेज टाकला, "ज्वालामुखी आपल्यापेक्षा जास्त सोडतात हे खरं का?" मी म्हटलं काका भागाकार करा, सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला कार्बन डायऑक्साइड अर्धा अब्ज टन किंवा त्याहून कमी, आपण नुसतं इंधन जाळून 37 अब्ज टनांच्या आसपास. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "सत्तर पटीहून जास्त." खाली अंगठा नव्हता, पण फॉरवर्डही नव्हता.